मोरोक्कोचाचांचं बंद झाकण

मोरोक्कोचाचांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातावर उलथनं मारलं. मी मेसची मालकीण, ते नवे आचारी, आणि माझा गुन्हा काय, तर शेगडीवरच्या भांड्याचं झाकण मी उचलून पाहिलं. "ताई, आत मटन हाय. पळून न्हाई जायचं," असं म्हणून त्यांनी झाकण पुन्हा बसवलं. कराडला लागून असलेल्या मलकापुरात मी वीस वर्षं मेस चालवते. माझ्या हातावर मारायची हिंमत माझ्या सासूनंही कधी केली नव्हती.

चाचा मूळचे उंब्रजचे. तरुणपणी आखातात जायला निघाले आणि कुणा मालकाबरोबर थेट मोरोक्कोत, फेज नावाच्या शहरात पोचले. तिथं एकाच घरात बावीस वर्षं स्वयंपाक केला. कायमचे परतले ते पांढरी दाढी, दुखरे गुडघे आणि ‘तिकडं असं न्हाई करत’ हे एक वाक्य घेऊन. घरी चाची त्यांना चुलीपाशी फिरकू देईनात. मिठातलं लिंबू घालून मटण शिजवायचं हे ऐकूनच त्यांनी नाक मुरडलं. ते आजाऱ्याचं जेवण, असा निकाल दिला. म्हणून चाचा माझ्याकडे आले. पगाराचं त्यांना फारसं नव्हतं. चाचींनी एकदा तरी आपल्या हातचं पोटभर जेवावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तेवढ्यासाठी त्यांना हात चालता ठेवायचा होता.

त्यांचं ते भांडं म्हणजे ताजिन. खाली मातीची पसरट थाळी, वर निमुळतं उंच झाकण. गावच्या कुंभारानं ते घडवताना विचारलं होतं म्हणे, आवं चाचा, ह्ये झाकण हाय का देवळाचा कळस? तळाशी कांद्याचा थर, त्यावर मटण, आलं, हळद, चिमूटभर केशर, मुरलेलं लिंबू आणि वाटीभर पाणी. मंद कोळशावर अडीच तास. वाफ झाकणाला लागते आणि पाणी होऊन परत खाली येते, त्यामुळे ढवळायचं नाही आणि उघडायचं नाही. विद्या एवढीच, पण आमच्या लोकांना ती जमणं अशक्य. शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, अशी म्हण आहे. आम्हाला शिजेपर्यंतही धरवत नाही. येणारा-जाणारा झाकण उचलणार, डाव फिरवणार, आणि कोरडं वाटतंय म्हणत तांब्या उपडा करणार.

शुक्रवारी कुसकुस. रव्याचे कण पाणी शिंपडून हातानं चोळायचे आणि तीनदा वाफवायचे, वर भाज्या आणि रस्सा. मेसची पोरं त्याला सरळ उपीट म्हणायची. एकानं वर शेव पेरली, तेव्हा चाचांनी त्याची थाळीच उचलून नेली. उपीट पंधरा मिनिटांत होतं, ह्याला माझी अख्खी सकाळ लागते, तेवढी तरी लाज बाळग, असं त्याला सुनावलं.

आता माझं पाप सांगते. एकदा चाचा नमाजाला गेले असताना मी ताजिन उघडून दोन चमचे कांदा-लसूण मसाला आत सोडला. पोरांनी त्या दिवशी बोटं चाटली. चाचांनी एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. "लय झ्याक झालंय, ताई. पर ह्ये आता साताऱ्याचं झालं," एवढंच म्हणाले, आणि चार दिवस स्वयंपाकघरात फिरकले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

मग एकदा चाची डोळे तपासायला कराडला आल्या. चाचांनी मिनतवाऱ्या करून त्यांना दुपारी मेसमध्ये आणलं. त्या दिवशी शेगडीशेजारी स्टूल टाकून मी स्वतः पहाऱ्याला बसले. लाटणं हातात होतं.

तिकडच्या रीतीनं दोघं एकाच ताजिनमध्ये जेवायला बसली. ज्यानं त्यानं आपल्या बाजूचं खायचं, पाव मोडून. चाचा मटणाचे चांगले तुकडे गुपचूप चाचींच्या बाजूला सारत होते. चाची खाली मान घालून जेवत होत्या. मी मुद्दाम ठेवलेल्या ठेच्याला त्यांनी हातही लावला नाही. कसं झालंय, हे विचारायचा चाचांना धीर होईना, आणि मला श्वास घ्यायचा.

"ह्ये तुमाला तिकडं कुणी शिकवलं?" चाचींनी विचारलं.

"त्या घरात एक म्हातारी हुती. तिनं."

"ती तुमाला जेवाय वाढायची?"

"रोज. समोर बसून."

चाचींनी घास खाली ठेवला. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्सं मी जेवाय बसले की घास अडायचा. वाटायचं, ह्ये समद्यांस्नी रांधून घालत्यात, ह्यास्नी कोण वाढत आसंल."

मग त्यांनी उरलेलं सगळं संपवलं. चाचा गेल्या वर्षी गेले. जेवण कसं झालं होतं, हे चाचींनी त्यांना कधीच सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.