हार्थवेटचा पोस्टमास्तर

बर्ट्रम क्रॉशॉचं बूड कधी एका जागी टेकलं नाही. जेवताना मधेच उठायचा, चॅपलमध्ये शेवटचं स्तोत्र संपायच्या आत टोपी चाचपायचा, आणि शुक्रवारच्या टपालानं रेडिओवरच्या मालिकेचा नवा भाग आला की स्वयंपाकघरात त्याच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या. कोळशाच्या कोठीपासून मोरीपर्यंत सात पावलं, परत सात. त्याची बायको एथेल टेबलाशी बसून एका हातानं बटाटे सोलायची आणि बाटलीला टेकवून ठेवलेले कागद वाचून दाखवायची.

"‘सकाळचं टपाल उशिरा आलं, मिसेस टॅटर्सल...’"

"थांब. हे माझं की सिडचं?"

"तुझंच. सिडचं मी कशाला वाचू?"

"सिडचंही वाच. तो कुठं थांबतो ते ऐकल्याशिवाय मी सुरू कुठं करणार?"

"बर्ट, जरा बस रे. तुझ्याकडं बघून मलाच गरगरतं."

"मग बघू नकोस. वाच."

रेडिओच्या नाटकात कुणी काही पाठ करत नाही. सगळे हातात कागद धरूनच मायक्रोफोनपुढे उभे राहतात. पान आवाज न करता बाजूला सारायचं, हे त्यातलं खरं कसब. एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या त्या शरदात सगळ्या लँकशायरमध्ये रेडिओचं नाटक तोंडपाठ करणारा नट बहुधा एकटा बर्टच असावा. कारण साधं होतं. ईस्टरपासून त्याला अक्षर दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पान हातात धरलं की नुसता दुधाळ उजेड दिसायचा, त्यात मुंग्यांच्या रांगेसारखं काहीतरी.

आणि हे फक्त एथेलला ठाऊक होतं.

बर्ट तसा सूतगिरणीच्या कचेरीतला कारकून. एकोणिसाव्या वर्षी खुर्ची सोडून फिरत्या नाटक कंपनीत गेला. एथेलच्या वडिलांनी, म्हणजे मेथॉडिस्ट चॅपलच्या कारभाऱ्यांनी, नट जावई करून घ्यायला साफ नकार दिला होता. दुसऱ्याच्या नावानं बोलणं म्हणजे खोटं बोलणंच, असं त्यांचं मत. शेवटी बर्टनं सगळ्यांसमोर दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली, कागदावर सही केली, तेव्हा कुठं लग्न झालं. ती शपथ त्यानं तीस वर्षं पाळली. नायक मात्र तो कधीच झाला नाही. नाक बसकं, खांदे उतरते, आवाज तेवढा असा की डोळे मिटून ऐकावा. युद्धाच्या काळात तो रेडिओवर आला. एकदा एकाच नाटकात खुनी, न्यायाधीश आणि फाशी देणारा असे तिघेही तोच होता, आणि तिसऱ्यानं पहिल्याला ‘माफ कर बाबा’ म्हटलं तेव्हा एथेल घरी बसून रडली होती. पुढे टेलिव्हिजन आलं. तिथं सात वेळा हवालदार, चार वेळा स्टेशनमास्तर, एकदा सुपाच्या ताटलीत तोंड खुपसून मेलेला सरदार. रस्त्यात लोक थांबवायचे. "तुम्ही बरी गावच्या बँकेत होतात ना?" खाटीक तर त्याला आपल्या मेव्हण्याचा मित्रच समजायचा. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही.

मग ‘हार्थवेटची माणसं’ सुरू झालं. दर बुधवारी संध्याकाळी सहाला, अर्धा तास, थेट प्रक्षेपण. त्यातला म्हातारा पोस्टमास्तर जेबेझ म्हणजे बर्ट. हातात घेताच पार्सलाचं वजन सांगणारा, लोहार ल्यूकशी रोज भांडणारा जेबेझ. सहा वर्षं झाली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बर्टला पहिल्यांदा स्वतःची खुर्ची मिळाली होती. टेलिव्हिजन त्यानं ईस्टरनंतर सोडून दिलं. जमिनीवरच्या वायरी दिसत नसत. एथेलखेरीज सगळ्यांना सांगितलं, तिथल्या दिव्यांनी डोकं दुखतं.

हॉस्पिटलनं मे महिन्यातच ऑपरेशनची तारीख दिली होती. बर्टनं ‘सध्या सोयीचं नाही’ असं एथेलकडूनच लिहवून घेतलं. दहा दिवस खाटेवर, पुढे दोन महिने जाड चष्म्याची सवय होईस्तोवर काम बंद. तेवढ्यात मालिका दुसरा म्हातारा शोधेल, ही त्याची धास्ती. एथेलनं पत्र लिहिलं, टाकलं, आणि त्या रविवारी पापांची कबुली देण्याच्या प्रार्थनेला तिचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. तेव्हापासून दर रविवारी तसंच होत होतं.

बुधवारी दुपारी बर्ट नेहमीसारखा मँचेस्टरच्या बसमध्ये बसला. स्टुडिओत त्याची युक्ती ठरलेली होती. ल्यूकचं काम करणारा सिड फेनविक शेजारी उभा असे. सिडचा हात हलला की आपलंही पान सारायचं. खरी अडचण कापाकापीची. निर्माती मिस हॅस्लम शेवटच्या तालमीला घड्याळ लावून बसे आणि भाग लांबला की ओळी कापून टाकी. तेव्हा चहाच्या वेळी बर्ट सिडला सहज विचारी, "काय रे, कुठून कुठपर्यंत म्हणाली ती?" सिड वाचून दाखवी. एवढ्यावर सहा महिने निभावले.

सहा वाजता एथेलनं रेडिओ लावला, घरी ठेवलेली दुसरी प्रत पुढ्यात घेतली आणि बोट ओळीवर ठेवलं. मनात प्रार्थना, बोटाखाली जेबेझ. आज हार्थवेटमध्ये लग्न होतं. सातव्या पानापर्यंत सगळं सुरळीत. आठवं सुरळीत. नवव्या पानाच्या तीनच ओळी झाल्या आणि सिड भलतंच बोलला. "मग रविवारी भेटू," असं तो म्हणाला, आणि ते वाक्य होतं दहाव्या पानाच्या तळाला.

एथेलचं बोट थिजलं. कापलंय. आयत्या वेळी कापलंय, आणि याला कळलेलं नाही.

"पत्र कॅनडाहून आलंय, ल्यूक," बर्ट म्हणाला. शांत, खणखणीत, जसं पाठ केलं तसं. "नवरीच्या नावानं. अक्षर पुरुषाचं आहे."

त्यानंतर रेडिओ गप्प झाला. चार क्षण असतील. आपल्या घराला आग लागल्याचं लांबून बघावं तशी एथेल त्या लाकडी पेटीकडं बघत राहिली.

"कॅनडाचं असो की चंद्रावरचं!" सिड एकदम ओरडला. "मी लग्नाचं बोलतोय, म्हाताऱ्या, तू मला पत्रं काय दाखवतोस?"

"लग्नाचं... हो. लग्न." आणि मग बर्ट घसरला. दहाव्या पानाची वाक्यं अकराव्यात, अकराव्याची नवव्यात. सिड त्याला वळवून आणी, तो पुन्हा सुटे. शेवटी नवरी चर्चच्या पायरीवर उभी असताना, तिच्या वडिलांचं वाक्य अर्धंच राहिलं आणि बातम्या सुरू झाल्या.

पाच मिनिटांत शेजारच्या मिसेस डकवर्थ मागच्या दारात हजर. "एथेल, अगं लग्न झालं का नाही? आणि तो कॅनडावाला कोण? मला आधीपासूनच ती पोरगी बरी वाटत नव्हती!"

"मला काय माहीत, मिसेस डकवर्थ."

"नवरा नाटकात असून तुला माहीत नाही?"

बर्ट आठला आला. कोट न काढताच सात पावलं, परत सात.

"चहाची सुट्टीच दिली नाही गं आज. दोन मिनिटं उरली असताना भोंग्यातून मिस हॅस्लमचा आवाज आला. ‘पान नऊ, ओळ चार ते पान दहा, ओळ एकवीस, बाद.’ आकडे! मला वाक्यं येतात सगळी, कोण कुठं श्वास घेतो तेसुद्धा येतं. आकडे कुठून येणार मला? तू मला कधी आकडे वाचून दाखवलेस?"

"नंतर ती काय म्हणाली?"

"काही नाही. माझा कोट हातात धरला, बाह्या घालू दिल्या. सहा वर्षांत कधी केलं नव्हतं." तो थांबला. "उद्या फोन येईल. तू उचल. सांग, चक्कर आली होती. सिडनंही तेच सांगितलंय."

फोन नऊ वाजता आला. एथेलनं हात पुसून उचलला. बर्ट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहून ओठांनीच म्हणत होता: चक्कर, चक्कर.

"मिसेस क्रॉशॉ, मी आडपडदा ठेवत नाही," मिस हॅस्लम म्हणाली. "सिड म्हणतो, चक्कर. माझ्या स्टुडिओत आजवर ज्याला ज्याला चक्कर आली त्याच्या कोटाच्या खिशात बाटली निघाली. काल मी बर्टचा कोट मुद्दाम हातात घेतला. बाटली नव्हती. पण गेले काही महिने तो भिंतीला धरून चालतो, हे मी बघतेय. तेव्हा तुम्हालाच विचारते. पितो का?"

एथेलच्या डोक्यात एकदम तिडीक गेली. वडिलांच्या चॅपलमधला तो कागद, त्यावरची ती सही. तीस वर्षांत ख्रिसमसच्या पुडिंगवरची ब्रँडीसुद्धा चमच्यानं बाजूला सारणारा हा माणूस!

"त्याला दिसत नाही," ती म्हणाली. "थेंबाला शिवलेला नाही तो. त्याला अक्षर दिसत नाही, मिस हॅस्लम."

जिन्यावर बर्टचे ओठ हलायचे थांबले.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"मग सहा महिने तो वाचत काय होता?"

"पाठ करतो. मी वाचून दाखवते."

"सगळं?"

"सिडचंसुद्धा."

"आणि मी त्याला ओळींचे आकडे सांगत बसले," मिस हॅस्लम म्हणाली. मग तिचा आवाज पुन्हा कामाचा झाला. "पुढच्या बुधवारी जेबेझ त्याच्या बहिणीकडे राहायला जाईल. तेवढी दोन पानं बर्टकडून पाठ करून घ्या, त्यात मी कापणार नाही. परत आणायचं की नाही हे आज मला सांगता येत नाही. वरच्यांना तरुण आवाज हवेत. मी भांडेन. जिंकेनच असं नाही."

एथेलनं फोन ठेवला. बर्ट कठडा धरून खाली आला.

"झालं समाधान? तुझ्या बापाचं चॅपल जिंकलं अखेर!"

"बाबांना कशाला मधे आणतोस? ती तुला दारुडा म्हणत होती!"

"म्हणू दे की! दारुड्याला माफी मागता येते, परत बोलावतात. आंधळ्याला कोण बोलावतं?"

एथेल मोरीशी जाऊन कालचीच धुतलेली भांडी पुन्हा धूत राहिली. खरं बोलल्यावर मन हलकं होतं असं चॅपलमध्ये लहानपणापासून ऐकलं होतं. तिचं तर दगडासारखं जड झालं होतं. संध्याकाळी तिनं हॉस्पिटलला नवी तारीख मागणारं पत्र लिहिलं. बर्टनं अडवलं नाही. सही कुठं करायची एवढंच विचारलं, आणि तिनं त्याचं बोट धरून जागा दाखवली.

जेबेझ बहिणीकडे गेला. दोन पानं, एक चूक नाही. आणि नोव्हेंबरात बर्ट खाटेवर पडला. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. दहा दिवस मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. टाके तुटले की डोळा गेला, असं नर्सनं बजावलं होतं. ज्याचं बूड कधी टेकलं नाही त्याला मानसुद्धा हलवायची बंदी! चादरीखाली त्याच्या पायांची बोटं सारखी हलत. एथेल देवाकडं मागायची ते हेच की याला आजचा दिवस तेवढा पडून राहू दे. उद्याचं उद्या मागेन.

बुधवारी नर्सनं खाटेला टांगलेला हेडफोन दिला. एथेलनं त्याची एक वाटी बर्टच्या कानाला लावली, दुसरीला स्वतःचा कान भिडवला. हार्थवेटच्या पोस्टात आता जेबेझची नेली नावाची पुतणी बसत होती. नवी नटी. आवाज ताजा, उगाच गोड नाही.

"चांगली आहे ही," बर्ट ओठ न हलवता म्हणाला.

"गप्प पड."

"फार चांगली आहे गं, एथ."

पायांची बोटं थांबली होती. ते एथेलला जास्त भीतीचं वाटलं.

मग लोहार आला, म्हणजे सिड. पार्सल आपटलं. नेलीनं काटा मांडला, वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"तुझा काका असता तर हातात घेऊनच सांगितलं असतं," ल्यूक कुरकुरला.

"काका इथं नाहीत, मिस्टर ल्यूक."

"ते दिसतंय मला. म्हणून तर रोज येतो बघायला, आला का तो. भांडायला माणूस नाही उरलं गावात. तुझ्याशी काय भांडू, तू तर ‘मिस्टर’ म्हणतेस!"

एक क्षण नेली गप्प राहिली. काय बोलावं हे तिला सुचत नव्हतं, हे उघड होतं.

"हे लिहिलेलं नाही," बर्ट म्हणाला. त्याचा श्वास जोरात चालू लागला. "सिडनं घुसवलंय. ती बाई आता वाक्य शोधतेय बघ... एथ, हॅस्लम त्याचा गळा धरणार... त्या मूर्खाला सांग कुणीतरी..."

त्याची छाती गदगदू लागली. हसतोय की रडतोय हे पट्ट्यांवरून कळायला मार्ग नव्हता, आणि मनाई दोन्हीला होती. एथेलनं हेडफोन खाली टाकला, दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं घट्ट धरलं.

"हलू नकोस. देवाची शपथ आहे, बर्ट, हलू नकोस."

"नाही हलत. ते पुढं काय बोलतायत ते सांग."

"तू हलू नकोस म्हणजे सांगते."

उशीवर पडलेल्या हेडफोनमधून ल्यूक आणि नेली बारीक किरट्या आवाजात भांडत होते. एथेल वाकून कान देत होती, ऐकू येईल तेवढं त्याला सांगत होती, आणि तळव्यांखाली त्याच्या कानशिलाची शीर उडत होती, थांबत नव्हती.