शीमावशी आणि त्यांचे जावई

शनिवार पेठेतल्या टायपिंगवाल्या मावशींना आम्ही त्यांच्यामागे शीमावशी म्हणायचो. कशालाही त्यांचा पहिला शब्द 'शी!' मंडईतली भेंडी? "शी, जून आहे." लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती? "शी, भडक." माझ्या वडिलांनी, नानांनी, आत्मचरित्र टाइप करायला दिलं, तेव्हा चार पानं उलटून म्हणाल्या, "शी! नाना, आपण जन्माला कधी येणार?" नाना इतके खूश झाले की पणजोबांचं प्रकरण त्यांनी मुकाट्यानं कापलं.

मावशींचा कॉम्प्युटर जुना आणि त्यातला मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम त्याहून जुना. तो बनवणाऱ्या कंपनीनं कधीच गाशा गुंडाळला होता. "चालतंय ना? मग हात लावू नका," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायच्या.

ही जीभ एकाच माणसापुढे लुळी पडे, जावयापुढे. जावई आयटीतले. त्यांनी आणलेल्या शिळ्या केकलासुद्धा "वा, छान हो!" अहो, देवळातल्या प्रसादाला नावं ठेवणारी बाई ही!

खंडेनवमीला मावशींनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला. दसऱ्याला जेवायला आलेल्या जावयांनी, सासूबाई श्रीखंड वाढेपर्यंत, तो हौसेनं अपग्रेड करून टाकला. वर, कुणी काही बिघडवू नये म्हणून, मुख्य पासवर्ड स्वतःकडे ठेवला. "आई, बघा, नवाकोरा!"

"वा, छान हो," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले. काय ते ध्यान! खालची बटणं सरकून मध्यभागी आलेली, कोपऱ्यात हवामान आणि कुठल्याशा नटीचं लग्न. टायपिंगचा प्रोग्रॅम उघडेचना. नानांचं अख्खं आयुष्य म्हणजे नुसते चौकोनच चौकोन! टाइप झालेली हस्तलिखित पानं नाना लगेच रद्दीत घालायचे, त्यामुळे पुस्तक होतं ते फक्त त्या डबड्यात. आणि नाना अंथरुणाला खिळलेले.

दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "अपग्रेडनंतर दहा दिवसांत मागे जाता येतं. मग जुनं सगळं पुसलं जातं. पण पासवर्ड लागेल. आणि आता मी दिवाळीनंतरच."

"जावयांना सांगा की," मी म्हटलं.

"कसं सांगू हो? हौसेनं केलंय. वाईट वाटेल त्यांना."

डोंबलाचं वाईट! रोज मी तणतणत जायची आणि रोज त्या पदराशी चाळा करत म्हणायच्या, "उद्या बोलते." असला संताप आणि असली किळस मला जन्मात आली नव्हती. त्या यंत्राची, जावयाची, आणि खरं सांगायचं तर मावशींचीसुद्धा.

मुदत संपत आली तेव्हा त्या नानांना भेटायला घरी आल्या. नानांनी डोळे न उघडताच विचारलं, "पुस्तक कुठवर आलं?" मावशी उठून गॅलरीत गेल्या आणि फोन लावला. "जावईबापू, तुम्ही जे करून ठेवलंत ना, ते... शी! होता तसा करून द्या. आजच्या आज."

जावई आले. चहाही न घेता, ओठ आवळून त्यांनी 'मागील आवृत्तीवर जा' दाबलं. तासाभरात चौकोनांची अक्षरं झाली. पुढे पुस्तक छापून आलं, तेव्हा नाना ते छातीवर ठेवूनच झोपले. कुणाला हात लावू देईनात.

पण त्या पाडव्याला जावई आले नाहीत. मावशी फराळाचं ताट मांडून संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "शी! चकल्या मऊ पडल्या." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

मावशी गेल्यावर त्यांची खोली रिकामी करायला जावईच आले होते. कॉम्प्युटर भंगारात देऊ का, असं मी विचारलं. त्यांनी तो नुसता सुरू केला. पडद्यावर आलं, 'नवी आवृत्ती तयार आहे. आता घ्यायची?'

जावई "शी!" म्हणाले, आणि 'नको' दाबलं.