उभी फेक

देवरीच्या बाजूला आमचं वावर आहे. नाल्याकाठी उन्हाळी मका लावला की माकडांचे कळप उतरतात आणि बाबा गोफण घेऊन मचाणावर बसतात. फटाके फोडून झाले, जुन्या साड्या बांधून झाल्या. माकडं कशालाच भीक घालत नाहीत.

गोफणीचा दगड मधल्या तिरक्या कोनात सुटला की सगळ्यांत लांब जातो. त्याहून आडवा मारा नाहीतर उभा, पल्ला कमीच होतो. हात बसलेला असला तर तेवढ्याच जोराने मारलेले आडवा आणि उभा दगड एकाच जागी पडतात. फक्त आडवा झटकन पडतो आणि उभा आभाळात रेंगाळतो. आमच्या मक्याच्या टोकाला मोहाचं झाड मध्ये येतं, म्हणून बाबांना तिकडे उभाच फेकावा लागायचा. मला ती फेक कधीच आवडली नाही. दगड उन्हात दिसेनासा व्हायचा, वर कुठेतरी आहे एवढंच ठाऊक असायचं.

घरचा नियम असा, की बाबांनी शीळ घातली की वावरात असेल त्याने मोहाखाली जायचं आणि दगड पडल्याचा आवाज ऐकूनच बाहेर यायचं.

गेल्या उन्हाळ्यात आई त्या टोकाला गवत कापत होती. मी मचाणावर बाबांजवळ होते. शीळ वाजली, आई झाडाखाली गेली, दगड सुटला. तेवढ्यात धुऱ्यापलीकडच्या, शेजारच्या वावरातल्या काकांनीही आपल्या मक्यात गोफण मारली, आडवी. त्यांचा दगड लगेच धप्पकन पडला. आईला वाटलं, आपलाच. गवत काखेत मारून ती तरातरा परत टोकाकडे निघाली.

आमचा दगड अजून वरच होता.

"थांब वं! थांब तेथंच!" बाबा जीव खाऊन ओरडले.

आई थांबली. आमच्याकडे वळून म्हणाली, "पडला ना दगड! कायले बोंबलून राहिले?"

दगड तिच्या खांद्यावर आला. हाड मोडलं. आधी देवरीला, मग गोंदियाला नेलं. तो हात आता खांद्याच्या वर जात नाही. दगड थोडा अलीकडे आला असता तर डोक्यावरच पडला असता.

ती चालत राहिली असती तर दगड तिच्या मागे पडला असता. मला ते मचाणावरून दिसलं, म्हणजे बाबांनाही दिसलंच. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. काका येऊन रडले, तेव्हा बाबांनी त्यांना चहा पाजला आणि बोल लावला नाही.

आता आई वावराच्या दुसऱ्या टोकाला असली आणि जेवायला बोलवायचं असलं, तरी बाबा हाक मारत नाहीत. उन्हातून तिच्यापाशी चालत जातात.