शिक्क्यावरचा गंज

आमचा शेजारी जुन्या लष्करी बंदुका जमवतो. घरी आला की चहा गार होतो, पण ह्याचं भिंग आमच्या सासऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकीवरून हलत नाही. खंडेनवमीला मी ती चिंचेनं घासायला घेतली, तर भिंतीपलीकडून ओरडला, "काकू, फौजेचा शिक्का जाईल!"

"मग गंजलेलं हत्यार पुजू व्हय रं?"

धावत आला अन् बंदूक मांडीवर घेऊन तेलाच्या फडक्यानं पुसत बसला. लेकराचं तोंडही कुणी इतकं जपून पुसत नाही. नळी उजळली, शिक्क्यापुरता गंज मात्र तसाच ठेवला. वैतागून मी कुंकवाचं बोट शिक्क्याकडं नेलं.

"काकू, तिथं नको. दस्त्याला लावा."

दस्त्यालाच लावलं. देवाची समजूत काढता येते, ह्याची नाही.