डाव्या कोपऱ्यातली चूक

काटकी माझी लहानपणापासूनची मैत्रीण. खुर्च्यांच्या बैठका वेताने विणते. काम आजोबांकडून शिकली, चुकीसकट. मागच्या डाव्या कोपऱ्यात वेताची जी पट्टी खालून जायला हवी, ती त्यांच्याकडे वरून जाते. आजोबांची आई डाव्या डोळ्याने अधू होती. विणताना तिला तो कोपरा नीट दिसायचा नाही, आणि पोरगा बघून बघून शिकला.

"आता तरी सुधारा," काटकी म्हणायची.

"घराण्याची तेवढीच इस्टेट उरलीय. तीही मोडू?"

घराणं म्हणजे काय, तर साथ आली, सगळे गेले, हे एकटे राहिले. पुढे विचारलं की आजोबांना ऐकू येईनासं व्हायचं.

गेल्या आठवड्यात एकाने खुर्ची आणली. मधली वीण फाटलेली, कोपरे शाबूत. "आमच्या आजीने विणलीय," तो म्हणाला. "आता तिची बोटं वळत नाहीत."

डाव्या कोपऱ्यात तीच चूक.

काटकीने खुर्ची आजोबांपुढे ठेवली. ते कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिले.

"माझी धाकटी बहीण," ते म्हणाले. "गाव सोडताना तिला ताप होता. झाडाखाली बसवलं. पाणी घेऊन येतो म्हणालो."

"मग?"

"मग काय. परत गेलोच नाही."

"अहो, पण ती जिवंत आहे!"

"म्हणून तर. कुठल्या तोंडाने भेटू?"

जुनी वीण सगळी काढून खुर्ची त्यांनी स्वतः विणली. काटकीने पाहिलं, तर डावा कोपरा बिनचूक. जन्मात पहिल्यांदा.

आज तो माणूस खुर्ची न्यायला आला, तेव्हा मी तिथेच होते. आतल्या खोलीत आजोबा खोकत होते.

"वा!" तो म्हणाला. "आजी हसेल बघा. या कोपऱ्यात तिची हमखास गफलत व्हायची."

काटकीने माझ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडेही तीच होते," ती त्याला म्हणाली. "दादा, आजींना घेऊन याल? त्यांचा भाऊ आत बसलाय."

खोकला थांबला.

तो माणूस खुर्ची तिथेच टाकून आजीला आणायला धावला. काटकी भिंतीला टेकली.

"माझं चुकलं का गं?"

आम्ही दोघी आतल्या दाराकडे बघत बसलोय. आजोबा बाहेर आलेले नाहीत. फटीतून दिसतंय, भेटीसाठी शर्ट बदललेला नाही. पण कडीही लावलेली नाही.