मामांचं लेखक-पान

स्वतःच्या पुस्तकाला पाचपैकी तीनच तारे देणारा लेखक जगात एकच आहे. तो रायपूरला तात्यापाऱ्यात राहतो आणि माझ्या बायकोचा मामा लागतो. उरलेले दोन तारे का कापले, असं मी विचारलं तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "एक छपाईच्या चुकांचा. अन् तिसरं प्रकरण मले लंबं वाटते, त्याचा दुसरा."

"पण मामा, ते प्रकरण तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलं मीच, पण वाचलं बी मीच ना जी. वाचणाऱ्यानं खरं सांगावं."

मामांनी उभी हयात मालगाडीचे गार्ड म्हणून काढली. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसायचं आणि मागे पडत जाणारं जग बघायचं, ही सवय त्यांच्या अंगात अशी मुरली आहे की आजही ऑटोत बसताना ते ड्रायव्हरकडे पाठ करून बसतात. कुठल्याही घरून, लग्नातून किंवा दवाखान्यातून सगळ्यात शेवटी बाहेर पडतात आणि मागे कुणाची छत्री, चप्पल किंवा मूल राहिलं नाही ना, याची खात्री करून घेतात. अभनपूरला एका लग्नाहून परतताना वऱ्हाडाची बस त्यांना सोडूनच निघून आली, कारण सगळे चढले की नाही हे बघत मामा खाली उभे होते. घरी आम्ही घाबरून बसलो होतो. मामा वाळूच्या ट्रकवर मागच्या बाजूला बसून आले, धोतरातली वाळू अंगणात झटकली आणि प्रवास फार छान झाला म्हणाले.

निवृत्तीनंतर त्यांनी पुस्तक लिहिलं. प्रवासी गाड्यांना वाट द्यायला मालगाडी बाजूच्या रुळावर तासन् तास उभी करतात. त्या वेळात मामांनी जे जे पाहिलं, ते सगळं त्यात आहे. पुस्तक नागपूरला छापून आलं आणि मामांनी ते सगळ्या नातेवाइकांना वाटलं. नातेवाइकांनी कव्हरची फार तारीफ केली. घरातली तरुण मंडळी म्हणाली, "मामाजी, हिंदी में लिखते तो हम भी पढ़ लेते." मामा हसले खरे, पण त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा अर्धाच घेतला.

म्हणून पुण्याच्या एका भाच्यानं जेव्हा सांगितलं की, वाचणाऱ्या लोकांची एक साइट असते, तिथे ते पुस्तकांना तारे देतात आणि लेखकाला स्वतःचं पानही मिळतं, तेव्हा मामांनी मला बोलावणं धाडलं. मी आपला बँकेतला माणूस. घरात लॅपटॉप माझ्याकडे आहे, एवढीच माझी पात्रता. पुढचे कितीतरी रविवार आम्ही ते पान तयार करत होतो. साइटनं विचारलं, पुस्तक कुठल्या प्रकारचं? मी 'प्रवास' निवडलं. मामांनी माझा हात धरला. "पुस्तकात गाडी उभी आहे, जवाईबापू. प्रवास कुठं आहे त्यात?" शेवटी 'इतर' लिहिलं. स्वतःविषयी थोडक्यात लिहा, असं आलं तेव्हा मामांनी सांगितलेलं एकच वाक्य मी उतरवलं: 'लेखकाच्या सगळ्या नोकरीत एकही डबा मागे सुटला नाही.'

अडचण निराळीच निघाली. अगदी मामांच्याच नावाचे एक वैद्य कानपूरकडे आहेत आणि त्यांनी मूळव्याधीवर हिंदीत पुस्तक लिहिलं आहे. साइटनं दोघांना एकच माणूस समजून दोन्ही पुस्तकं एका पानावर लावली. हे आमच्या लक्षात येण्याआधीच त्या पानावर एका वाचकानं लिहिलं, 'पढ़कर बहुत आराम मिला.' मामा इतके सुखावले की त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मेहनत वाया गेली नाही, पोचतं कुठंतरी, असं ज्याला त्याला सांगत राहिले. तो आराम कशाचा होता, हे मलाच सांगावं लागलं. मामा म्हणाले, "बिचारा. त्याले आराम पडला ना, मंग झालं. पण वैद्यबुवाचा एखादा पेशंट माह्या पुस्तकात येऊन फसला त? आपण लवकर अलग व्हावं."

साइटवाल्यांना बरीच पत्रं लिहिल्यावर मामांचं पान वेगळं झालं. त्यात 'लेखकाला विचारा' अशी एक जागा होती. वाचकानं प्रश्न टाकायचा, लेखकानं उत्तर द्यायचं. मामांना ती फार आवडली. त्यांनी पंडरीच्या कापडबाजारातून कापड आणून नवा सदरा शिवला आणि रोज जेवण झालं की तो इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसू लागले.

"मामा, फोनमधून कोणी बघत नाही तुम्हाला," मी म्हणालो.

"हव, माहीत आहे. पण प्रश्न आला त बनियनवर उत्तर देऊ काय मी?"

प्रश्न आलाच नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळीही झाली. मामा तक्रार करणारे नव्हेत. फक्त एका रविवारी म्हणाले, "वैद्यबुवाले लोक विचारत असतीन. बरोबरच आहे. दुखते तोच विचारते."

मामी शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पुस्तक आलं तेव्हा त्यांनी ते एका बैठकीत वाचून फडताळात ठेवून दिलं होतं आणि त्यावर आजवर एक शब्द काढला नव्हता. त्या म्हणाल्या, "मी विचारू काय?"

"तू काय विचारशीन? तुले त सगळं माहीत आहे."

"मले नाही माहीत," मामी म्हणाल्या.

त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. मी त्यांच्या नावाचं खातं उघडलं. मग त्या एकेक शब्द सांगत गेल्या आणि मी जसाच्या तसा उतरवत गेलो: 'गाडी उभी राहिली की लेखकाले बगळे दिसले, मोहा येचणाऱ्या बाया दिसल्या, गेटवाल्याची बकरी दिसली. इकडे घरी कोणी वाट पाहून राहिलं असन, हे लेखकाले दिसत होतं काय?'

मामांनी प्रश्न मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीला आवाज बारीक झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उद्या देतो उत्तर," म्हणाले. मामी पुन्हा शेंगांकडे वळल्या.

उद्या गेला, परवा गेला. मी विषय काढला नाही. मग एका संध्याकाळी ऑफिसातून निघताना मी सहज ते पान उघडलं, तर खाली उत्तर आलेलं होतं. 'दिसत नव्हतं. आता विचारून राहिलो.' शिवाय कुणा अनोळखी बाईनं मामांच्या पुस्तकासमोर 'वाचायचं आहे' अशी खूण केली होती. ही बातमी द्यायला मी तसाच तात्यापाऱ्यात गेलो.

दोघं ओसरीवर बसले होते. मामांच्या अंगात साधी बंडी होती. फोन कुठे दिसत नव्हता. मामी बोलत होत्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटीनं काढलेल्या कुठल्याशा दिवसाबद्दल काहीतरी चाललं होतं आणि मामा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मला त्यांनी खुणेनंच बसायला सांगितलं. मी फोन खिशात ठेवला.

"मंग?" मामांनी विचारलं. "भात केला होता म्हणे तू. त्याचं काय केलं?"

"काय करीन," मामी म्हणाल्या. "निवला. पुन्हा गरम केला."

"किती वेळा?"

"ते काय कोणी मोजते?" मामी म्हणाल्या आणि दिवा लावायला उठल्या. मामा मात्र तिथेच बसून राहिले.