एका दाराचा बंदोबस्त

पंक्चरच्या दुकानापाशी रबराचा वास आला, की मला एकलहऱ्यातली आमची भाड्याची खोली आठवते. लेक दिवस भरायच्या आधीच झाली होती. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "हिला थंडी लागू देऊ नका. अंग गरम ठेवण्यातच ताकद गेली, तर वजन वाढणार नाही." डिसेंबर होता, आणि खोलीचं दार जुन्या, आक्रसलेल्या फळ्यांचं. भरदुपारीही गार वारा थेट पाळण्यापर्यंत यायचा. खालच्या फटीत मी गोधडी कोंबायचे, पण दार उघडलं की ती निघायची. सुताराला दोनदा निरोप धाडूनही तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मीच सायकलची जुनी ट्यूब कापायला घेतली. सासरे ओरडले, "अगं, ओली बाळंतीण तू, हातोडी कसली धरतेस!" "मग तुम्ही धरा, दादा. मी सांगते तिथं ठोका." ते चष्मा लावून खाली बसले. चौकटीला सगळीकडून रबराची पट्टी ठोकली, फळ्यांमधे चिंध्या भरल्या. शेवटी मी दाराजवळ उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. मी हातोडी ठेवायला निघाले, तर सासरे म्हणाले, "थांब, वरच्या कोपऱ्यात अजून हलतोय." तो कोपरा बुजवूनच ते उठले. पुढच्या आठवड्यात काट्यावर लेकीचं वजन वाढलेलं दिसलं, तेव्हा ते नर्सला आमच्या दाराबद्दलच सांगत बसले. आता ती लेक माझ्याहून उंच झालीय, आणि भर थंडीत दार सताड उघडं टाकून कॉलेजला पळते.